पुण्याची गाडी पकडण्याआधी : खान्देशातून यूपीएससीची तयारी

पदवीचे निकाल लागले की आमच्या अभ्यासिकेत दोन-चार नवे चेहरे दिसू लागतात. कुणी अडावदचा, कुणी धानोऱ्याचा, एखादी मुलगी थेट शिरपूरहून रोज एसटीने येणारी. पहिला प्रश्न ठरलेला : "सर, पुण्यात कोणता क्लास लावू?" मी उलट विचारतो, "ओबीसी सवलतीला लागणारा नॉन-क्रिमिलेअर दाखला काढलाय का? केंद्राच्या नमुन्यातला?" पोरगा गोंधळून बघत राहतो. त्याला वाटतं, सर विषय टाळतायत.

मी टाळत नसतो. चार प्रयत्न, दोन मुख्य परीक्षा आणि दिल्लीतली एक मुलाखत एवढी माझी कमाई. यादीत नाव आलं नाही. पण पुण्याचं तिकीट सगळ्यात शेवटी काढायचं असतं, एवढं त्यातून नक्की कळलं. मी ते सगळ्यात आधी काढलं होतं. बी.ए.चा निकाल लागला त्या आठवड्यात महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलो आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर खाट घेतली. पहिलं वर्ष परीक्षा म्हणजे काय हे समजण्यातच गेलं. ते समजायला पुण्याचं भाडं भरायची गरज नव्हती. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये बसून शून्यातून सुरुवात करणाऱ्यासाठी हे लिहितोय.

सुरुवातीला एक हिशेब

यूपीएससीच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,८३,२१३. मुख्य परीक्षेला पात्र ठरले १४,६२७, मुलाखतीला २,८४५ आणि शेवटच्या यादीत १,००९. हे घाबरवायला सांगत नाही. यातला पहिला आकडा नीट बघा. जवळपास चार लाख लोक अर्ज भरून परीक्षेलाच गेले नाहीत. म्हणजे दहा लाखांशी स्पर्धा आहे हे खरं नाही. पण हजारात जागा मिळवायची आहे, हे खरं आहे. घरच्यांना हे आकडे पहिल्याच दिवशी दाखवा. नाहीतर दोन वर्षांनी प्रत्येक लग्नात "लंबर लागना का?" ऐकावं लागतं आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

बसता येतं का, ते आधी तपासा

कोणत्याही शाखेची, मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी चालते. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची चालते, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचीही चालते. टक्केवारीची अट नाही. शेवटच्या वर्षाला असाल तरी पूर्वपरीक्षा देता येते, पुढच्या टप्प्यावर पदवी दाखवावी लागते. नुसतं डी.एड., आयटीआय किंवा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा यावर बसता येत नाही. दरवर्षी एखादा तरी डिप्लोमावाला हे ऐकून हिरमुसतो. त्याला मी मुक्त विद्यापीठाचा प्रवेश अर्ज दाखवतो.

वय परीक्षेच्या वर्षातल्या १ ऑगस्टला मोजतात. २१ पूर्ण हवं आणि ३२ पूर्ण झालेलं नको. उदाहरणार्थ २०२६ च्या परीक्षेला खुल्या गटातल्या उमेदवाराचा जन्म २ ऑगस्ट १९९४ ते १ ऑगस्ट २००५ यांमधला हवा. ओबीसींना तीन वर्षं सवलत, अनुसूचित जाती-जमातींना पाच, दिव्यांगांना दहा. प्रयत्न खुल्या गटाला आणि ईडब्ल्यूएसला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) ६, ओबीसींना ९, अनुसूचित जाती-जमातींना वयात बसेपर्यंत कितीही. ईडब्ल्यूएसला वयातही सवलत नाही. हे पुष्कळांना माहीत नसतं, राज्याच्या नियमांशी गल्लत होते.

जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरची धरतात. आपल्याकडे निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. आता रडून उपयोग नाही. तीच तुमची तारीख. फक्त आधार, दहावी आणि पदवीच्या कागदांवर नाव आणि तारीख अक्षरशः सारखी आहे का ते बघा. एकावर "भाऊसाहेब" आणि दुसऱ्यावर "भाऊराव" असेल तर आजच दुरुस्तीला लागा.

अर्ज भरला आणि गेला नाहीत तर प्रयत्न मोजत नाहीत. पण पूर्वपरीक्षेचा एक पेपर जरी दिलात तरी प्रयत्न गेला. "अनुभव म्हणून देऊन बघतो" म्हणणाऱ्या खुल्या गटातल्या पोरांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

दाखले : ज्यात माझा ऑगस्ट वाया गेला

पहिल्यांदा पूर्वपरीक्षा निघाली तेव्हा मी गावात पेढे वाटले. मुख्य परीक्षेचा अर्ज भरताना लक्षात आलं की माझं नॉन-क्रिमिलेअर राज्याच्या नमुन्यातलं आहे. सायबर कॅफेवाल्याने "सगळीकडे चालतं" म्हणून काढून दिलेलं. केंद्राच्या परीक्षेला केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं लागतं. मग सेतू, तलाठी, तहसील, प्रांत कार्यालय आणि पुन्हा सेतू. ज्या दिवसांत निबंध लिहून बघायचे होते ते दिवस मी झेरॉक्सच्या रांगेत काढले.

तेव्हा क्रम असा ठेवा. जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांच्या सहीचा, तो आधी काढा. मग तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या यादीत स्वतः बघा. राज्याची यादी आणि केंद्राची यादी एक नाही. राज्यातले व्हीजे (विमुक्त जाती), एनटी (भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) हे प्रकार केंद्राकडे नाहीतच. त्यांतल्या बहुतेक जाती तिथे ओबीसीत येतात, पण स्पेलिंगसकट तपासा. मराठा समाजाचं राज्यातलं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण केंद्राच्या परीक्षेत चालत नाही. अटींत बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस काढा.

शेतकऱ्याच्या पोरांनी इथे जरा थांबावं, कारण दोन्हीकडे ८ लाख हाच आकडा दिसतो आणि सगळे फसतात. ओबीसीच्या नॉन-क्रिमिलेअरमध्ये आईवडिलांचं शेतीचं उत्पन्न आणि पगार हे त्या ८ लाखांत धरत नाहीत. मात्र कमाल जमीन मर्यादेच्या जवळ जाईल एवढी बागायत असेल तर वेगळा नियम लागतो. ईडब्ल्यूएसमध्ये उलट आहे. तिथे शेतीचंही उत्पन्न धरतात, शिवाय कुटुंबाकडे ५ एकर किंवा जास्त शेती असली की उत्पन्न शून्य असलं तरी दाखला मिळत नाही. शिंदखेड्याकडची सहा एकर कोरडवाहू, ज्यात पाऊस नसला तर कपाशीचं बोंडही धरत नाही, ती आणि रावेरची सहा एकर केळी या नियमापुढे सारखीच. मला हे पटत नाही. पण सातबारा बघूनच अर्ज करा.

दाखल्याची तारीख अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या आतली लागते. जाहिरात साधारण जानेवारी-फेब्रुवारीत येते. म्हणून दिवाळी झाली की दाखल्यांना लागा. जाहिरात आल्यावर धावणं म्हणजे वरातीमागून घोडं.

परीक्षेचा सांगाडा

पूर्वपरीक्षा एका दिवसात होते. सामान्य अध्ययनाचा पेपर १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. सीसॅट, म्हणजे कल तपासणारा दुसरा पेपर, ८० प्रश्नांचा, तोही २०० गुणांचा. दोन्हींना दोन-दोन तास आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. सीसॅटमध्ये ३३ टक्के मिळाले की झालं, गुणवत्ता ठरते सामान्य अध्ययनावर. खुल्या गटाची कटऑफ २०२३ मध्ये ७५.४१ होती, २०२४ मध्ये ८७.९८. म्हणजे २०० पैकी निम्मे गुणही लागत नाहीत. तरी पाच लाख लोक अडतात, यावरून पेपर कसा असतो ते ओळखा.

मुख्य परीक्षेत नऊ पेपर. मराठी आणि इंग्रजी हे दोन ३००-३०० गुणांचे, फक्त पात्रतेचे, प्रत्येकी २५ टक्के हवेत. यात नापास झालात तर बाकीचे पेपर तपासतच नाहीत. मग निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५०, वैकल्पिक विषयाचे दोन पेपर प्रत्येकी २५०. एकूण १७५०. मुलाखत २७५. सगळे मिळून २०२५.

आता आपल्या कामाचं. मुख्य परीक्षेची उत्तरं मराठीत लिहिता येतात आणि मुलाखतही मराठीत देता येते, दुभाष्या असतो. पण प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी आणि हिंदीतच छापलेली असते, पूर्वची आणि मुख्यचीही. म्हणजे "मराठी माध्यम" याचा अर्थ इंग्रजीची सुटका असा होत नाही. वाचायचं इंग्रजीत किंवा हिंदीत, लिहायचं मराठीत. हे गणित ज्याने पहिल्या महिन्यात ओळखलं त्याचं एक वर्ष वाचतं.

यूपीएससी की राज्यसेवा?

पूर्वी हा खरा पेच होता. राज्यसेवेची मुख्य परीक्षा पर्यायी प्रश्नांची आणि यूपीएससीची लेखी, म्हणजे दोन वेगळे अभ्यास. २०२५ पासून एमपीएससीने राज्यसेवेची मुख्य परीक्षाही वर्णनात्मक केली. तेच नऊ पेपर, वैकल्पिक विषय, १७५० आणि मुलाखत २७५. तिथे प्रश्नपत्रिका मराठीतही असते आणि वय खुल्या गटाला ३८ पर्यंत, मागासवर्गीयांना ४३ पर्यंत चालतं. त्यामुळे अभ्यास एक आणि परीक्षा दोन असं आता खरोखर जमतं. महाराष्ट्राचा इतिहास, भूगोल, राज्याचं प्रशासन एवढं वरचं करावं लागतं.

माझं मत विचाराल तर, ज्याच्या घरी दुसरं कमावणारं कुणी नाही त्याने राज्यसेवेसोबत गट-ब, गट-कच्याही परीक्षा द्याव्यात. पीएसआय, एसटीआय (राज्य कर निरीक्षक), सहायक कक्ष अधिकारी ही कमीपणाची पदं नाहीत. पगार सुरू झाल्यावर यूपीएससी देणारे मी पाहिलेत, त्यांची झोप आमच्यापेक्षा बरी असते.

पहिलं वर्ष घरी

सकाळी साडेचार-पाचला उठा. हा उपदेश नाही, जळगावचा उन्हाळा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास गेला की दुपारी दोननंतर डोकं चालत नाही. त्यात वीज गेली तर विचारूच नका. पहाटेचे चार तास पक्के धरा, संध्याकाळचे तीन, आणि दुपारी शेतात हात लावा किंवा झोपा.

पहिले सहा महिने सहावी ते बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं, इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र. इंग्रजी अडत असेल तर तोच धडा आधी बालभारतीच्या पुस्तकातून मराठीत वाचा, मग एनसीईआरटीचा इंग्रजीत. असं चार महिने केलं की डिक्शनरी हळूहळू बाजूला पडते. रोज एक मराठी आणि एक इंग्रजी वृत्तपत्र. अक्कलकुवा-धडगावकडे इंग्रजी पेपर दुपारपर्यंतही येत नाही, तिथे ई-पेपर बघा. सगळा पेपर वाचायचा नसतो. संपादकीय पान, अर्थव्यवस्था, न्यायालयाचे निकाल, सरकारी योजना एवढंच, पाऊण तासात.

अभ्यासक्रमाची प्रत भिंतीवर लावा आणि आपल्या मुलखाकडे बघा. मला हे फार उशिरा कळलं. तापी पश्चिमेला का वाहते? कारण ती खचदरीतून वाहते, सातपुडा उत्तरेला आणि सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर दक्षिणेला. धुळे-नंदुरबारच्या माळावर लांबच लांब भिंतीसारखे काळे खडक दिसतात. लाव्हा भेगांतून वर येऊन गोठला, त्या या डाइक. तापीकाठचं प्रकाशा आणि सावळदा ही ताम्रपाषाण काळातली स्थळं, सावळद्याच्या नावाने तर एक संस्कृतीच ओळखली जाते. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकी राज्य संपलं. १८२५ मध्ये इंग्रजांनी खान्देशात भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांचीच पलटण, उभी केली, ती का, हे कळलं की आदिवासी उठावांचा अर्धा धडा झाला. काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला भरलं. नंदुरबारच्या चौकात १९४२ च्या सप्टेंबरमध्ये शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात पडले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली.

प्रशासनाकडे वळलात तर आणखी जवळ. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. नंदुरबार हा आकांक्षित, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेल्या, जिल्ह्यांपैकी एक. आदिवासी क्षेत्रांसाठीची राज्यघटनेची पाचवी अनुसूची, तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा हे पुस्तकात कोरडे वाटतात. धडगावच्या एखाद्या ग्रामसभेत एक सकाळ बसा, पेसा पाठ करावा लागणार नाही. सरदार सरोवराच्या बुडिताने उठलेली गावं तळोदा-शहाद्याकडे वसली आहेत, पुनर्वसनावर उत्तर लिहायचं तर तिथल्या माणसाशी बोला. जळगावची केळी, भरीताची वांगी आणि नवापूरची तूरडाळ, तिघांना भौगोलिक मानांकन आहे. पुण्याच्या खोलीत बसून मी हे सगळं नोट्समध्ये लिहीत होतो, "उदा." म्हणून.

सीसॅटला हसू नका

तिसऱ्या प्रयत्नात माझा सामान्य अध्ययनाचा पेपर कटऑफच्या बराच वर होता. सीसॅटमध्ये ६६ लागतात, मला साठ-बासष्टच मिळाले. वर्ष गेलं. गणित दहावीला सोडलं होतं, आणि "नुसतं पास तर व्हायचंय" हा माज.

सीसॅटमध्ये उतारे, तर्क आणि दहावीपर्यंतचं गणित असतं. उतारे हिंदीत वाचायचे की इंग्रजीत ते आधी ठरवा, कारण हिंदी भाषांतर कधी कधी मूळ इंग्रजीपेक्षा अवघड असतं. आठवी ते दहावीची गणिताची पुस्तकं पुन्हा सोडवा. टक्केवारी, गुणोत्तर, वेळ-काम-वेग, संख्यांचे गुणधर्म. रोज पाऊण तास, पहिल्या दिवसापासून, आणि सरावाचा पेपर दुपारी अडीच ते साडेचार याच वेळेत, पंख्याखाली. परीक्षा त्याच वेळेत असते, मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये. ऊन खाल्लेल्या डोक्याने टक्केवारी काढायची सवय लागते.

वैकल्पिक विषय

यादीत शेती, मानववंशशास्त्र, भूगोल, इतिहास, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, लोकप्रशासन, वैद्यकशास्त्र असे पुष्कळ आहेत, आणि साहित्यही. "कोणता विषय गुण देतो" हा प्रश्न चुकीचा. विषयाचे गेल्या दहा वर्षांचे पेपर काढा आणि बघा, यातले प्रश्न वाचून आपल्याला कुतूहल वाटतं की घाम फुटतो. पदवी ज्या विषयाची आहे तोच घ्यायचा असाही नियम नाही.

मराठी साहित्याबद्दल एक गंमत. त्याच्या अभ्यासक्रमात मराठीच्या बोली म्हणून तीन नावं आहेत : अहिराणी, वऱ्हाडी, डांगी. ज्या बोलीत बोललो म्हणून वसतिगृहात हसले, ती इथे गुणांना आहे. अर्थात आजीशी अहिराणी बोलता येणं वेगळं आणि तिची ध्वनिव्यवस्था, प्रत्यय, शेजारच्या गुजरातीशी नातं शास्त्राने मांडणं वेगळं. ते शिकावंच लागतं. मी भूगोल घेतला होता. आज पुन्हा निवडायची वेळ आली तर मराठी घेतली असती.

सातपुड्याकडच्या मुलांना मानववंशशास्त्राचा आदिवासी भारतावरचा भाग जवळचा वाटतो, हे मी दोन-तिघांच्या बाबतीत पाहिलं.

लिहिणं

सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी वीस उत्तरं तीन तासांत. दहा गुणांचं १५० शब्दांत, पंधरा गुणांचं २५० शब्दांत. म्हणजे एकाला सात मिनिटं, दुसऱ्याला अकरा. नवीन माणसाला पहिल्यांदा वीसपैकी अकरा-बारा उत्तरंच जमतात. म्हणून सहाव्या महिन्यापासून रोज दोन उत्तरं, घड्याळ लावून. तपासायला कुणी नसेल तर गावातल्या माध्यमिक शाळेच्या शिक्षकाला द्या. यूपीएससी त्यांना माहीत नसेल, पण "बाळ, तुला नेमकं म्हणायचं काय आहे?" हे ते बरोबर विचारतील.

मराठीत लिहिताना पारिभाषिक शब्दांचा हट्ट धरू नका. "राजकोषीय तूट" लिहा, पण तपासणाऱ्याला अडेल असा शब्द असेल तर रूढ इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून मोकळे व्हा. अनिवार्य मराठीच्या पेपरात निबंध, आकलन, सारांश, भाषांतर असतं. सारांशाचा सराव न करता गेलेले हुशार लोक तिथे घसरतात.

पुणे, दिल्ली आणि फुकटची मदत

वर्षभर घरी झालं, एनसीईआरटी संपली, उत्तर लिहिता येऊ लागलं, मग पुण्याचा विचार करा. टेस्ट सिरीज आणि सोबतीसाठी, शिकण्यासाठी नव्हे. खाट, मेस, अभ्यासिका मिळून महिन्याला दहा-बारा हजार सहज जातात, क्लासची फी वेगळी. त्याआधी सरकारी दारं ठोठावा. मुंबईची राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था आणि नाशिकसह तिची विभागीय केंद्रं प्रवेश परीक्षा घेऊन विनामूल्य प्रशिक्षण देतात. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी-भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासींसाठी पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांच्या योजनांत क्लासची फी आणि विद्यावेतन मिळतं. त्यांच्या जाहिराती अचानक येतात आणि मुदत थोडी असते, संकेतस्थळं आठवड्याला उघडून बघा. जळगावातच दीपस्तंभ फाउंडेशन आहे. दिव्यांग आणि अनाथ मुलांसाठी त्यांचा मनोबल प्रकल्प आहे, अशा मुलांनी पुणे-दिल्ली करण्याआधी तिथे जाऊन यावं.

"आपल्याकडून कुणी होतं का?" असं विचारणाऱ्यांना मी दोन नावं सांगतो. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड, पुढे नंदुरबारचेच जिल्हाधिकारी झाले. आणि एरंडोल तालुक्यातले राजेश पाटील, ओडिशा केडरचे. बस. प्रेरणेची भाषणं यूट्यूबवर पुष्कळ आहेत, जेवताना ऐका.

अर्ज आणि परीक्षेचा दिवस

अर्ज स्वतः भरा. फी १०० रुपये आहे, महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना तीही नाही. ओटीपी आपल्याच मोबाइलवर, ई-मेल आपलाच. कॅफेवाल्याचा ई-मेल टाकलेले अर्ज मी पाहिलेत. पहिल्या आठवड्यात भरा, कारण केंद्र "आधी येईल त्याला आधी" या नियमाने मिळतं. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा जिल्ह्यात देता येते, यूपीएससीला खान्देशात केंद्र नाही. जळगाव-धुळ्याला नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगर, आणि नंदुरबार-नवापूरवाल्यांनी सुरतचा विचार करावा, रेल्वेने ते सरळ पडतं. नाशिक आणि सुरत ही केंद्रं २०२१ पासून मिळाली. त्याआधीच्या पोरांना विचारा, काय काय हाल व्हायचे. मुख्य परीक्षेला मात्र मुंबई धरून चाला.

आदल्या दिवशी पोचा, शाळा बघून या. फाटक पेपरच्या अर्धा तास आधी बंद होतं, नऊला आणि दोनला, आणि मग कितीही गयावया केली तरी उघडत नाही. दोन पेपरांच्या मधे उत्तरं जुळवत बसू नका. भाकरी-ठेचा नको, दहीभात खा. झाडाखाली वीस मिनिटं डोळे मिटा.

मुलाखत

ही दिल्लीला, शहाजहान रोडवरच्या धोलपूर हाउसमध्ये होते. तुम्ही मुख्य परीक्षेच्या वेळी भरलेला सविस्तर अर्ज बोर्डापुढे असतो. गाव, जिल्हा, पदवी, छंद, वडिलांचा व्यवसाय. प्रश्न त्यातूनच निघतात, म्हणून छंदाच्या रकान्यात वाचन लिहून ठेवू नका, जे खरंच करता ते लिहा.

मी मराठीतून मुलाखत दिली. भूगोलाचे, तापीचे, आदिवासी भागातल्या शाळांचे प्रश्न बरे गेले. मग एका सदस्यांनी अर्ज चाळत विचारलं, "वडील केळी लावतात. तुमच्याकडे हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. नुकसान झालं हे विमा कंपनी ठरवते कशी? शेतात न येता?" दुभाष्याची वाट न बघता प्रश्न मला समजला होता, पण उत्तर येईना. मी योजनेचं नाव, उद्देश, केंद्र-राज्याचा वाटा असलं काहीतरी बोललो. ते हसले आणि पुढे गेले.

घरी आल्यावर आबांना विचारलं. ते गोठ्यात धार काढत होते, मान वर न करता सांगू लागले. आपल्या महसूल मंडळात हवामानाचं यंत्र आहे, त्यावर ठरलेल्या आकड्याच्या वर किंवा खाली तापमान सलग ठरलेले दिवस राहिलं की मंडळातल्या सगळ्यांना भरपाई, बागेत कुणी येत नाही. गेल्या साली यंत्राने एक दिवस कमी दाखवला म्हणून आपल्याला काही मिळालं नाही. "तुला माहीत नव्हतं?" त्यांनी विचारलं. "दरवर्षी फॉर्म तर तूच भरून देतोस."